निंबोल्याचा पायलट

निंबोल्यात कौतिकरावांना कोणी नावानं हाक मारत नाही. सगळे 'पायलट काका' म्हणतात. वायुसेनेत वीस वर्षं काढलेला, पासष्टी उलटूनही मिशी ताठ ठेवणारा माणूस विमान उडवत नसेल, तर तिथं काय केळी पिकवत होता? गावाचा हिशोब सरळ होता.

खरं म्हणजे कौतिकरावांनी विमान कधीच उडवलं नव्हतं. वीस वर्षं त्यांनी मिगची चाकं उतरवली, टायर बदलले, ब्रेक तपासले. त्यांनी बसवलेल्या एकाही चाकानं धावपट्टीवर दगा दिला नाही. पण मुलगी बघायला गेले, तेव्हा सासरेबुवांनी "विमान उडवता ना?" विचारलं आणि हे चहा फुंकत "हो" म्हणून बसले.

त्या एका "हो"वर धुरपदाबाईंनी चव्वेचाळीस वर्षं मिरवलं. हळदीकुंकवात पहिला मान त्यांचा. इतवारा बाजारातला बांगडीवालाही त्यांना 'पायलटीणबाई' म्हणे. गावाला खरं कळलं तर चार दिवस हसेल आणि विसरेल. हिला कळलं तर काय, याचा विचार कौतिकराव अजूनही टाळायचे.

आणि यंदा बऱ्हाणपूरला लालबागच्या मैदानावर लढाऊ विमानांचं प्रदर्शन भरलं. कौतिकरावांनी गुडघेदुखीचं निमित्त काढलं, पण गावानं त्यांना सपत्नीक ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत चढवलंच.

मैदानाच्या दारात केळीचे खांब, त्यावर उत्सव समितीचा फलक. फलकावर समितीचे अध्यक्ष, केळीचे व्यापारी योगेशभाऊ, हात जोडून हसत होते. विमानं त्यांच्या कानाशी डासाएवढी छापली होती. आत सिमेंटच्या पट्ट्यावर निवृत्त झालेलं जुनं मिग आणि शेजारी नवंकोरं हेलिकॉप्टर. थोड्या वेळानं नवी विमानं डोक्यावरून जाणार होती.

"पायलट काका, हेच उडवायचे ना तुमी?"

"हेच ते. याचं चाक आहे ना..."

"चाकाचं सोडा हो! वरून पाकिस्तान कसा दिसते ते सांगा!"

कौतिकरावांनी घाम पुसला आणि पाकिस्तान हिरवट दिसतो असं सांगितलं.

वायुसेनेची तरुण अधिकारी हेलिकॉप्टरपाशी अडकली होती. ते एका लिटरला किती ॲव्हरेज देतं, हे लोकांना तिच्याकडूनच ऐकायचं होतं. तेवढ्यात योगेशभाऊंना आठवलं की पूजा राहिली. बऱ्हाणपुरात साधी मोपेडसुद्धा चाकाखाली लिंबू ठेवल्याशिवाय शोरूमच्या बाहेर पडत नाही. इथं तर अख्खं विमान! पण चाकांना पिवळे लाकडी ठोकळे लावलेले, लिंबाला जागाच नाही. शिवाय फोटोत ते वाईट दिसत होते. योगेशभाऊंनी दोघांना लावून ठोकळे ओढून काढले आणि लिंबं मांडली.

विमानाचे ब्रेक केव्हाच मेलेले, पट्ट्याला उतार, आणि उताराच्या टोकाला पाहुण्यांचं स्टेज. लिंबं पचकन फुटली. मिग निघालं.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. "देवानं कौल दिला!" योगेशभाऊ माइकवर ओरडले. पाहुणे मात्र भाषणाचा कागद टाकून सोफ्यामागे गेले.

गुडघेदुखीचे कौतिकराव धावले. ठोकळा उचलून, समोरून न जाता बाजूनं वाकून, त्यांनी तो चाकाखाली सारला. मग पलीकडे दुसरा. विमान सोफ्याच्या हातभर अलीकडे थांबलं.

अधिकारी धापा टाकत आली. तिनं ठोकळे पाहिले, मग कौतिकरावांचे हात पाहिले. "चाचाजी, आप व्हील के काम में थे क्या?"

इतक्या वर्षांत हे कोणी विचारलंच नव्हतं. कौतिकरावांना आनंदानं भरून आलं, आणि आनंदात माणूस सावध राहत नाही.

"हां मॅडम! बीस साल. पहिया, ब्रेक, सब. मैं पायलट था ही नहीं."

योगेशभाऊंच्या हातातला माइक चालूच होता. वाक्य मैदानभर गेलं.

"पाहिलं!" योगेशभाऊ गहिवरले. "येवढा मोठा पायलट, आणि सोताले चाकवाला म्हणते! याले म्हणतात मोठेपणा!"

"नाई रे भो, मी खरंच चाकं बसवायचो..."

"बघा, अजून तेच!"

शाल आली, नारळ आला. डोक्यावरून नवी विमानं कडकडत गेली आणि कौतिकरावांचं उरलेलं खरं त्या आवाजात बुडालं. वीस वर्षांच्या घोटीव कामाची लोकांना एका लिंबाइतकीही गरज नव्हती. त्यांना पायलटच हवा होता.

परतताना ट्रॉलीत गोष्ट वाढत होती. काकांनी विमान एका पायानं अडवलं, इथवर आली होती. शेजारी धुरपदाबाई शालीची घडी घालत होत्या. निंबोल्याचा फाटा आल्यावर त्यांनी हळूच विचारलं, "चाकं बसवायचे ना तुमी?"

खोटं बोलायला सगळं गाव त्यांच्या बाजूनं होतं. तरी ते म्हणाले, "हो."

"म्हणून येवढ्या वर्षांत मले एकडावही क्वार्टरवर नेलं नाई?"

कौतिकरावांनी मांडीवरचा नारळ उगाच फिरवला.

"मले वाटे, तिथं इंग्रजी बोलणाऱ्या बाया असतीन, मी अडाणी शोभणार नाई, म्हणून नेत नाईत." धुरपदाबाईंनी डोळ्यांना पदर लावला. "चाकवाल्यासंगं मी खुशीनं राहिली असती हो."