दादांची पहिली हरकत

शिंप्याच्या मेव्हण्यानं परदेशातून डिस्कचा खोका पाठवला. इंग्रजांच्या जुन्या राजांवरची विनोदी मालिका होती. शिंप्याला इंग्रजी बेताचंच येई. तो राजाच्या बाह्यांची शिलाई न्याहाळत बसे आणि मालिकेत हशा पिकला की आपणही हसून घेई.

पलीकडच्या खोलीत त्याचे थोरले भाऊ राहत. ते इतिहासाचे निवृत्त मास्तर. आईच्या कपाटावरून दोघांत अकरा वर्षं अबोला होता. पण मालिका लागली की मधलं दार बोटभर किलकिलं होऊ लागलं.

तिसऱ्या दिवशी राजानं प्रधानाला लढाईवर धाडलं, आणि दार सताड उघडलं.

"साफ खोटं!" दादा कडाडले. "त्या लढाईच्या वेळी हा राजा मरून चाळीस वर्षं झाली होती!"

शिंप्यानं डिस्क थांबवली.

"दादा, बसून सांगा," तो म्हणाला आणि त्यानं खुर्चीवरचे कपडे उचलले.

दादा बसले. संध्याकाळपर्यंत त्यांनी सतरा चुका काढल्या. प्रधान चिखलात आपटला तेव्हा मात्र ते पोट धरून हसले. त्यात इतिहास कुठं चुकला, हे शिंप्यानं विचारलं नाही.