मासा सोडताना

मनोहर सबनीस नुसता टोस्टर विकत आणला तरी त्याचं माहितीपत्रक आधी पाठ करणारा माणूस. त्यामुळे मासे पकडायला जायचं ठरवल्यावर त्यानं अमेरिकेतल्या बेलव्ह्यूच्या घरामागच्या हिरवळीवर उन्हाळाभर रॉड फिरवायचा सराव केला. पाणी नाही, मासा नाही, आणि साठीचा गृहस्थ हवेत दोरी झोडपतोय. शेजारी कुंपणावरून हात करत. त्याची बायको अहिल्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघायची आणि पडदा ओढून घ्यायची.

रॉड रुचाचा होता. रुचा त्यांची एकुलती एक मुलगी. मार्च महिन्यात घाटातल्या बर्फावर तिची गाडी घसरली आणि पुढचे काही दिवस ती मशीनच्या जिवावर श्वास घेत राहिली. मेंदू आता जागा व्हायचा नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. अहिल्या म्हणत होती, थांबू या, अजून थोडं थांबू या. मनोहरला पोरीचा सुजलेला चेहरा बघवेना. त्यानं मशीन काढायला होकार दिला. "घाई केलीत तुम्ही," एवढंच अहिल्या परत येताना गाडीत म्हणाली. त्यानंतर दोघांत बोलणं उरलं ते दूध संपलंय, प्लंबर येऊन गेला, इतपतच. मनोहरला मात्र त्या एका वाक्यानं पुरतं पोखरून काढलं. खरंच घाई झाली का आपली? हे त्याला कोण सांगणार होतं?

ऑक्टोबरातल्या एका शनिवारी तो पहाटे एकटाच निघाला. घाटातल्या त्या वळणावर त्यानं मान वळवली नाही. उजाडता उजाडता याकिमा नदीच्या काठी पोचला. दोन्हीकडे पिवळ्या गवताचे उघडे डोंगर, पाण्यावर धुकं, आणि थंडी अशी की नाक आहे की गळून पडलं ते चाचपून बघावं.

"बाबा, कम विथ मी. जस्ट वन्स," असं रुचा किती वेळा म्हणाली होती. हा म्हणायचा, पुढच्या शनिवारी. वर हुज्जत घालायचा, "खायचा नाही, धरायचा, बघायचा आणि सोडून द्यायचा! मग त्याला छळायचं कशाला?"

"सोडणं हाच तर हार्ड पार्ट आहे, बाबा. प्रवाहाकडे तोंड करून धरून ठेवायचं. यू वेट. शी विल टेल यू." सगळे मासे रुचाच्या लेखी बायकाच.

"मासा काय सांगतोय, कपाळ!" असं म्हणून मनोहर हसला होता.

हिरवळीवरचा सराव नदीत काडीच्याही कामाला आला नाही. गळाला बांधलेली पिसांची खोटी माशी पहिल्यांदा काठच्या झुडपात अडकली, मग त्याच्याच टोपीत. दुसरी माशी बांधायला बोटं वळेनात. शेवटी ती कशीबशी बांधून, कंटाळून त्यानं दोरी नुसती पाण्यात सोडून दिली, आणि तेवढ्यात ती ताठ झाली. आंधळ्याच्या हाती लागावा तसा एक ट्राउट मासा लागला. मनोहरनं धडपडत, घसरत, रुचाचंच नाव घेत त्याला जाळीत आणलं. अंगावर काळे ठिपके, कुशीवर गुलाबी पट्टा. वीतभराहून मोठाच. पुस्तकात वाचल्याप्रमाणे त्यानं हात ओले केले आणि गळ अलगद काढला.

इथवर सगळं पुस्तकाबरहुकूम झालं. पुढचं हातांनी परस्पर केलं. घरच्या गणपतीला दर वर्षी तोच टबात पोचवायचा. एकदा बुडवून वर, दुसऱ्यांदा वर, आणि तिसऱ्यांदा सोडून द्यायचं. मासा दोन्ही हातांत धरल्यावर त्यानं नेमकं तेच केलं. तिसऱ्या बुडीला हात सोडले. ओठांवर "पुढच्या वर्षी लवकर या" सुद्धा येऊन गेलं.

मासा आडवा झाला आणि पांढरं पोट वर करून वाहायला लागला.

मनोहर गुडघ्यांवर पाण्यात कोसळला. बुटांत पाणी शिरलं, कंबर भिजली. त्यानं मासा गाठला, प्रवाहाकडे तोंड करून धरला. "नाही सोडत," तो मोठ्यानं म्हणाला. "आता नाही सोडत ग तुला." कल्ले हलत नव्हते. बोटं बधिर झाली, दात वाजायला लागले, तरी तो हलला नाही. मग कल्ला एकदा उघडला. बऱ्याच वेळानं पुन्हा एकदा. आणि एकाएकी तळव्यात काहीतरी एकवटलं. सगळं अंग लावून माशानं हाताला धक्का दिला आणि तो गेला.

मनोहर आनंदानं ओरडलाच. मग ओंजळ तशीच धरून तिच्याकडे बघत राहिला.

दवाखान्यात त्या शेवटच्या दिवशी तो रुचाचा हात असाच धरून बसला होता. मशीन काढायच्या आधी कितीतरी वेळ, आणि नंतरही. त्या हातात हे नव्हतं. यातलं जरासुद्धा नव्हतं. होकार दिला तेव्हा ती आधीच गेलेली होती. घाई कसली, थांबण्यासारखं काही उरलंच नव्हतं.

सुटलो असं वाटायला हवं होतं. पण घाई केली असं वाटत होतं, तोवर थांबलो असतो तर पोर उठली असती, असंही कुठेतरी वाटत होतं. तेवढ्या एका आशेवर तो इतके महिने जगत होता. आता तीही गेली. मनोहर पाण्यात बसून हमसून हमसून रडला.

परतताना वाटेवरच्या एलेन्सबर्ग गावात कॉफीसाठी थांबला तेव्हा फोनला रेंज आली आणि लगेच घरून फोन आला. अहिल्याला सगळं सांगायचं, असं ठरवूनच त्यानं तो घेतला. तिची समजूत पटेल, निदान राग तरी जाईल.

"लागला का मासा?" तिनं विचारलं. इतक्या महिन्यांत आपणहून विचारलेलं हे पहिलंच.

"लागला."

"मग? धरून ठेवलात ना थोडा वेळ? रुचा ठेवायची."

तिच्या आवाजात अजून कुणाची तरी वाट बघणं होतं. मनोहरला ते ऐकू आलं. तेवढी आशाच तर तिच्याकडे उरली होती.

"नाही ग," तो म्हणाला. "लगेच सोडून दिला."

"तुम्ही सोडणारच," अहिल्या म्हणाली, आणि तिचा बांध फुटला. मार्चपासून पोटात ठेवलेलं सगळं ती बोलली. तुम्हाला धीर नाही. एक दिवस थांबला असतात तर माझी पोर उठली असती.

पेट्रोल पंपाच्या भिंतीला टेकून, ओल्या कपड्यांत कुडकुडत, मनोहर तिच्या प्रत्येक वाक्याला हो म्हणत राहिला.