टर्मिनल

"टर्मिनल आहे. आता घरीच राहू दे त्यांना," पडद्याआड मोठे डॉक्टर शिकाऊ डॉक्टरला हळूच म्हणाले, आणि पडद्याच्या अलीकडे शर्टाची बटणं लावणारा अनंतचा हात थांबला. त्याने बायकोकडे पाहिलं. रत्नप्रभाने उगाच पर्समध्ये काहीतरी शोधायला घेतलं.

मग डॉक्टरांनी तिला एकटीला आत बोलावलं. आजार यकृतातून सगळीकडे पसरलाय, आता फक्त दुखणं कमी ठेवायचं, असं त्यांनी सांगितलं.

रिक्षात अनंतने विचारलं, "टर्मिनल म्हणजे काय गो?"

"असेल त्यांच्यातलं काहीतरी," ती म्हणाली आणि बाहेर बघत राहिली.

त्याला मरोळच्या खोलीवर सोडून ती ड्युटीवर गेली. सांताक्रूझच्या विमानतळावर ती सफाईची सुपरवायझर होती. लेक गार्गी बालवाडीत होती तेव्हापासून रोज घरातून निघताना ती म्हणायची, "टर्मिनलला चालले गं." आज तो शब्द तोंडातून निघाला नव्हता. इथे मात्र तो प्रत्येक पाटीवर होता, स्पीकरमधून येत होता, तिच्या गळ्यातल्या ओळखपत्रावरही होता. पुसलेलं बेसिन तिने पुन्हा पुसलं. हाताखालच्या बायकांवर विनाकारण खेकसली. शेवटी अर्ध्या दिवसाची सुट्टी टाकून निघाली.

गार्गीला तिने मघाशीच फोनवर सगळं सांगितलं होतं; वाटेत लेकीचा उलट फोन आला. "आई, बाबांना एक शब्द बोलायचा नाही. खचतील ते."

"ते विचारतायत गं."

"विचारू दे ना! मी बघते."

ती घरी पोचली तेव्हा विचारणं सुरूच होतं. अनंत खाटेवर भिंतीला टेकून बसला होता, गार्गी समोर मोबाइल घेऊन.

"तू कॉलेजात इंग्रजी शिकतंस मा? मग सांग."

"सांगतेय ना बाबा. टर्मिनल म्हणजे आईचं विमानतळ. बस सुटतात तेही टर्मिनलच."

"बॅटरीक पण टर्मिनल असता. ता माका ठावक आसा." रिक्षांच्या बॅटऱ्या दुरुस्त करून करून त्याची बोटं ॲसिडने करपली होती. "पुढे?"

"मूळ शब्द लॅटिन. शेताच्या हद्दीवरच्या दगडाला म्हणायचे. रोमन लोकांचा देवच होता तो, त्या दगडाला हार घालायचे, नैवेद्य दाखवायचे." गार्गी भराभरा बोलत होती, थांबायची भीती वाटत असल्यासारखी.

"आमच्या गावाक शिवेर तसोच धोंडो आसा. त्याका नारळ देतत." तो क्षणभर रमला. मग पुन्हा तिच्याकडे पाहून म्हणाला, "आणखी?"

"बस. एवढंच."

"डॉक्टर माझ्या बॅटरीबद्दल बोलत नव्हतो, गार्गी."

गार्गीने मान खाली घातली. रत्नप्रभा मघापासून पदराचं टोक पिळत दारातच उभी होती. ती आत आली, पंखा लावला, बंद केला, पुन्हा लावला.

"आई, नको," गार्गी पुटपुटली.

"दुसऱ्या कोणाकडून कळण्यापेक्षा मी सांगते." ती त्याच्या शेजारी बसली. "अहो, ज्या आजाराला पुढे औषध नाही, त्यालाही टर्मिनल म्हणतात."

अनंत उठला. पोट फुगल्यामुळे भिंतीचा आधार घेत दारापर्यंत गेला, परत आला, पुन्हा गेला. शेजारच्या खोलीत कुकरची शिटी झाली.

"किती दिवस?"

"डॉक्टरांनी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही."

"बरा केलंस." तो खाटेवर येऊन बसला. बराच वेळ स्वतःच्या पायांकडे बघत राहिला. मग लेकीला ऐकू जाऊ नये अशा आवाजात म्हणाला, "रत्ना, नखां वाढली हत. माका आता वाकाक जमत नाय."

इतक्या वर्षांत त्याने पाण्याचा तांब्याही तिच्याकडे कधी मागितला नव्हता. ती उठली, नेलकटर आणलं. खाली वर्तमानपत्र पसरलं, जमिनीवर बसली आणि त्याचं पाऊल उचलून मांडीवर घेतलं.