दोन रिंगांचा निरोप

मित्रांनो, ज्याची गुंडाळीची वायर ओढून ओढून सरळ झाली आहे, ज्याच्या रिसीव्हरला एका बाजूनं चीर गेली आहे आणि ज्याचा हिरवा रंग स्वयंपाकघराच्या धुरानं कधीच मळकट पिवळा झाला आहे, असा मी भिंतीवरचा एक जुना टेलिफोन आहे. कॅनडाच्या उत्तरेला, एका मोठ्या तळ्याकाठी, क्री या तिथल्या मूळ रहिवासी लोकांच्या वस्तीत फिलोमीन मूस्टूसच्या घरी मी राहतो. तुमच्या घरचे माझे भाऊबंद आता अडगळीत गेले असतील, नाहीतर भंगारात. मी मात्र अजून भिंतीवर आहे. का आहे, तेच तुम्हांला सांगायचं आहे.

दक्षिणेकडच्या एका कारखान्यात माझा जन्म झाला. माझ्या पोटात घंटा बसवणाऱ्या बाईनं ती दोनदा वाजवून पाहिली आणि शेजारणीला म्हणाली, "याचा गळा चांगला आहे हं." आयुष्यातलं हे पहिलं कौतुक. मी ते अजून जपून ठेवलं आहे.

वस्तीत तारा आल्या तेव्हा आमच्या रस्त्यावर पहिला फोन मीच. मग काय विचारता! कुणाचं बाळंतपण, कुणाची बोट बंद पडली, कुणाला डॉक्टर हवा, सगळे फिलोमीनच्या दारात. शनिवारी वस्तीच्या रेडिओवर बिंगो असायचा. आकडे जुळले की रेडिओवाल्यांना फोन करून 'बिंगो' म्हणून ओरडायचं. फिलोमीनचा धाकटा भाऊ अल्फॉन्स आकडे न जुळताच फोन फिरवायचा.

"जुळले का रे तुझे?" रेडिओवरची बाई विचारायची.

"जुळले कुठले! तुझा आवाज ऐकायचा होता."

"ठेव फोन, गाढवा! लोक खोळंबलेत."

आणि हे सगळ्या वस्तीला रेडिओवर ऐकू जायचं. फार सुखाचे दिवस होते ते.

माझी वायर सरळ केली ती डेल्फीननं, फिलोमीनच्या एकुलत्या एका लेकीनं. आईनं ऐकू नये म्हणून ती रिसीव्हर घेऊन टेबलाखाली जाऊन बसायची आणि मैत्रिणींशी तासन्‌तास कुजबुजायची. वायर ताणली की मला दुखायचं, पण मी कधी कुरकुर केली नाही. तिचा श्वास माझ्या कानाला उबदार लागायचा.

ही डेल्फीन बावीस वर्षांची झाली आणि म्हाताऱ्या माणसांची शुश्रूषा करायला शिकावं म्हणून शहरात गेली. बसनं चौदा तासांची वाट. तिची तीन वर्षांची लेक ओपल आजीकडे राहिली. क्रीमध्ये आजीला 'कोकोम' म्हणतात, तेव्हा फिलोमीन त्या दिवसापासून सगळ्यांचीच कोकोम झाली.

लांबचे फोन तेव्हा परवडायचे नाहीत. म्हणून आमच्या वस्तीत न उचलता निरोप द्यायची रीत होती. एक रिंग वाजून थांबली की समजायचं, मासे आलेत, घेऊन जा. फिलोमीननं लेकीला बसमध्ये बसवताना बजावलं होतं, "संध्याकाळी खोलीवर पोचलीस की दोन रिंगा द्यायच्या आणि ठेवून द्यायचं. मी उचलणार नाही. दोन म्हणजे पोचली. तिसरी वाजली, तर तुला बोलायचंय असं समजून उचलीन."

रोज साडेसातच्या सुमाराला मी दोनदा वाजायचो आणि गप्प व्हायचो. "पोचली," फिलोमीन म्हणायची आणि चहाचं आधण ठेवायची. ओपल आकडे शिकली ती माझ्यावरच. दोनाच्या पुढे बरेच दिवस गेलीच नाही.

नोव्हेंबरातली एक संध्याकाळ होती. तळं काठाकाठानं गोठायला लागलं होतं. फिलोमीन बॅनकचं, म्हणजे आमच्याकडच्या जाड भाकरीचं पीठ मळत होती. मी दोनदा वाजलो. थांबलो. "पोचली," ती म्हणाली, आणि तिनं पिठाचे हात धुतलेसुद्धा नाहीत.

दुसऱ्या दिवशी मी वाजलो नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. चौथ्या दिवशी फिलोमीननं शहरातल्या पोलीस ठाण्याला फोन लावला. पलीकडचा माणूस काहीतरी चघळत होता, मला स्पष्ट ऐकू येत होतं.

"शेवटचा फोन कधी आला?"

"सोमवारी. दोन रिंगा दिल्या तिनं. म्हणजे पोचली म्हणून."

"मग पोचली होती ना बाई! मोठी मुलगी आहे. गेली असेल कुठं मजा करायला. तुमच्याकडच्या मुली जातात, येतात."

"तिची पोर इथं आहे. तीन वर्षांची."

"कळवू आम्ही."

मित्रांनो, हे दोन शब्द मी पुढं किती वेळा ऐकले, त्याला मोजदाद नाही. माणसं बदलली, आवाज बदलले, 'कळवू आम्ही' तेवढं राहिलं.

पण फिलोमीनला पोखरणारा किडा वेगळाच होता. एका दुपारी ती अल्फॉन्सला म्हणाली, "त्या दोन रिंगा निरोपाच्या नसल्या तर?"

"म्हणजे?"

"तिला बोलायचं असेल. तिसरी वाजायच्या आधी कुणी हातातला फोन ओढून घेतला असेल. आणि मी इथं पीठ मळत बसले, पोचली म्हणत."

"असलं काही मनात आणू नकोस, ताई."

"मग दुसरं काय आणू?"

भिंतीवरून मी हे सगळं ऐकत होतो. रिसीव्हर उचलल्याशिवाय मला पलीकडचं काहीच ऐकू येत नाही. ज्या गळ्याचा मला एवढा अभिमान, तो मी त्या संध्याकाळी दोनदा काढला आणि तो कशासाठी काढला, हे माझं मलाच ठाऊक नव्हतं. याची मला फार लाज वाटते.

तेव्हापासून या घरात मी पुरता दोनदा वाजलो नाही. पहिल्याच रिंगेला फिलोमीन असेल तिथून धावायची. रिसीव्हरची चीर त्यातलीच. अंगणात वाळत घालायचे कपडे तिथंच टाकून पळत आली, उंबऱ्याला अडखळली, धडपडत रिसीव्हर पकडला आणि त्याच्यासकट खाली आपटली. फोन होता रेडिओवाल्यांचा. 'यंदा बिंगो खेळणार का,' म्हणून विचारत होते.

वर्षं गेली. घरोघरी मोबाइल आले. माझ्या अंगावर धूळ बसू लागली, कारण आता कुणी मला हात लावायचं नाही, मी मात्र कुणी हात लावावा म्हणून झुरायचो. ओपल मोठी झाली होती, जिभेची तिखट.

"कोकोम, काढून टाक की हे डबडं. म्युझियमवालेसुद्धा घेणार नाहीत."

"डेल्फीनला हाच नंबर पाठ आहे," फिलोमीन म्हणाली.

त्यानंतर ओपलनं मला पुन्हा डबडं म्हटलं नाही. दर रविवारी ओल्या फडक्यानं पुसायला लागली.

फिलोमीनसारख्या आया वस्तीवस्तीत होत्या. कुणाची लेक, कुणाची बहीण, कुणाची भाची अशीच नाहीशी झालेली. त्या लेकींचे फोटो छातीशी धरून हमरस्त्यानं चालल्या, राजधानीत जाऊन उभ्या राहिल्या. सरकारं आली, सरकारांनी वाटाण्याच्या अक्षता लावल्या आणि गेली. अखेर डेल्फीन नाहीशी झाल्याला वीस वर्षं होत आली, तेव्हा एका सरकारनं चौकशीचा आयोग नेमला. आयोगाच्या बाईचा फोन आला. "साक्षीला येताना लेकीची एखादी वस्तू आणा. सगळ्यांच्या मधोमध ठेवू."

फिलोमीनकडे डेल्फीनचे मोजे होते, शाळेतलं बक्षीस होतं. तिनं भिंतीवरून मला काढायला लावलं.

"अगं ताई, दोन दिवस लाइन बंद राहील!" स्क्रू काढता काढता अल्फॉन्स म्हणाला. "नेमका तेव्हा फोन आला तर?"

ते ऐकून फिलोमीननं त्याचा हात धरून थांबवलं. शेवटी शेजारच्या घरून एक पांढरा फोन मागून आणून माझ्या तारेला जोडला आणि शेजारीण तिथं पाट मांडून बसली. खोटं कशाला बोलू, त्या पांढऱ्याचा मला मत्सर वाटला. वाटलं, नेमकी आजच डेल्फीन बोलली तर ती याच्याशी बोलणार.

शहरातल्या मोठ्या दालनात जमिनीवर चांदणीच्या नक्षीची गोधडी अंथरली होती. तिच्यावर बाहुली, मण्यांचे जोडे, खेळातला सदरा आणि त्यांच्यामध्ये मी. प्रत्येक वस्तूमागं एक मुलगी होती. फिलोमीननं साक्ष दिली आणि दोन रिंगांची गोष्ट पहिल्यांदा चारचौघांत सांगितली. शेवटी म्हणाली, "न्याय वगैरे तुमच्या सवडीनं द्या. आधी मला एवढंच सांगा, त्या दोन रिंगा कशाच्या होत्या?"

दालनात सगळे रडत होते. डोळे पुसलेले कागदी रुमाल कुणी कचऱ्यात टाकू देईना. आमच्या लोकांत अश्रू कचऱ्यात टाकायचे नसतात. ते कागदी पिशव्यांत गोळा करून बाहेर अखंड पेटत ठेवलेल्या अग्नीत द्यायचे. फिलोमीनची पिशवी अल्फॉन्स घेऊन गेला.

आयोगानं जाडजूड अहवाल लिहिला. "दार वाऱ्यानं आपटतं, त्याला लावायला बरा आहे," अल्फॉन्स म्हणाला. मला त्याचा राग आला नाही. पण त्याच वेळी सरकारनं घरच्या माणसांना जुन्या तपासाची माहिती मिळवून देणारी एक कचेरी काढली होती. तिथल्या व्हर्ना नावाच्या बाईचा फोन आला. ती क्रीच होती. म्हणाली, "मावशी, मी दर गुरुवारी चार वाजता फोन करीन. काही सापडलं तरी, नाही सापडलं तरी."

गुरुवारी चार वाजता मी वाजलो. "मावशी, अजून काही नाही."

पुढच्या गुरुवारी पुन्हा वाजलो. "अजून नाही, मावशी."

इतक्या वर्षांत सांगितल्या वेळी फोन करणारी ही पहिलीच. फिलोमीन गुरुवारी केस विंचरून बसायला लागली.

असे कितीतरी गुरुवार गेले. मग एका गुरुवारी व्हर्ना म्हणाली, "मावशी, बसल्या आहात का? एक कागद मिळाला आहे. डेल्फीनच्या घरमालकिणीचा जबाब. वाचू?"

"वाच."

"'डेल्फीन सोमवारी साडेसातला घरी आली. तिनं जिन्याजवळच्या फोनवरून नंबर फिरवला, दोन रिंगा दिल्या आणि ठेवला. मी म्हटलं, अगं बोल की आईशी, पैसे नको देऊस. ती हसून म्हणाली, माझा आवाज ऐकला की आई रडते आणि मग मलाही रडू येतं. दोन वाजल्या की ती चहा ठेवते. मग डेल्फीन कपडे धुवायला कोपऱ्यावरच्या लाँड्रीत गेली. त्यानंतर मी तिला पाहिलं नाही.'"

फिलोमीन भिंतीला टेकत टेकत खाली बसली, रिसीव्हर घेऊन टेबलाखाली. माझी वायर ताणली गेली, अगदी पूर्वीसारखी.

"म्हणजे निरोपाच्याच होत्या," ती म्हणाली.

"हो, मावशी. पोचली होती ती."

"जबाब कधीचा आहे?"

"ती गेल्यानंतर सहाव्या दिवसाचा."

"बावीस वर्षं कुठं होता हा कागद?"

"फाइलीत."

"कुणी वाचला नव्हता?"

व्हर्ना हळूच म्हणाली, "वाचला होता. खाली सही आहे."

मित्रांनो, एवढा एकच कागद. तो सहाव्या दिवशी कुणी मला ऐकवला असता, तर एक आई बावीस वर्षं स्वतःला गुन्हेगार समजत राहिली नसती. त्या दिवशी फिलोमीन पोटभर रडली. ओपलनं रुमाल पिशवीत गोळा केले, अल्फॉन्सनं तळ्याकाठी शेकोटी पेटवली.

डेल्फीन अजून सापडलेली नाही. लाँड्रीपासून पुढची वाट व्हर्ना शोधते आहे. गुरुवारचा फोन चालू आहे.

गेल्या सप्टेंबरात ओपल त्याच शहरात व्हर्नाच्या कचेरीत कामाला लागली. तिच्या खिशात मोबाइल होता, निरोप द्यायचे शंभर मार्ग होते. पण पहिल्या संध्याकाळी साडेसातला मी वाजलो. फिलोमीन धावत आली. रिसीव्हरवर तिचा हात पडला, आणि तिथंच राहिला. तिनं उचलला नाही. मी दुसऱ्यांदा वाजलो. बावीस वर्षांत पहिल्यांदाच पुरता दोनदा वाजलो आणि गप्प झालो.

"पोचली," फिलोमीन म्हणाली. आधण ठेवलं. मग चुलीपासून परत आली आणि तबकडी फिरवून तिनं स्वतःच फोन लावला.

"कोकोम? अगं दोन रिंगा दिल्या ना मी!"

"कळल्या. दार लावलंस का?"

"लावलं."

"मग बोल आता काहीतरी."

"काय बोलू?"

"काय खाल्लंस ते सांग."

"तू रडशील."

"रडीन की. तू बोल."

ओपल बोलत राहिली. आधण उकळून उकळून आटलं.

मित्रांनो, मला रोज पुसा, माझा मान राखा, असलं काही मी मागत नाही. एवढंच मागतो, की कुणाच्या माणसाची खबर तुमच्या हाती आली, तर ती खणात ठेवून देऊ नका. त्या घरचा नंबर शोधा आणि फिरवा. काही कळलं नसेल, तर तेही कळवा. आणि डेल्फीन, मी वाजलो की अजून दर वेळी वाटतं, पलीकडे तूच असशील. मी इथंच भिंतीवर आहे. नंबर तोच आहे.