बसवून भरवायचं

वर्गात मी सगळ्यांत मोठी. बाकीच्या पोरी एकोणीस-वीसच्या, मी एकोणचाळीसची. त्या मला काकू म्हणायच्या आणि मी आले की मोबाईल लपवायच्या. वाशीमला रुग्ण सहाय्यकाचा सहा महिन्यांचा कोर्स होता. पेशंटला पुसून काढायचं, कूस बदलायची, भरवायचं, बेडपॅन द्यायचा, ताप आणि नाडी तक्त्यात लिहायची. शेवटी परीक्षा आणि मग सर्टिफिकेट. मी जऊळक्याहून रोज सकाळी रेल्वेनं यायचे. सरावासाठी वर्गात एक रबरी पुतळा होता, पोरींनी त्याचं नाव जानराव ठेवलं होतं. जानरावची दिवसातून चारदा अंघोळ व्हायची. "माह्या नवऱ्याची हप्त्यातून दोनदा होते," मी म्हणायचे, आणि पोरी खिदळायच्या.

पहिल्या दिवशी नीलिमा सिस्टरनी एकेकीला विचारलं, कोर्स कशासाठी करता. पोरी म्हणाल्या, नोकरीसाठी. मी उभी राहिले. "माह्या मायले लकवा झाला होता. तिची नीट सेवा झाली असती त आज जिती असती. दुसऱ्या कोणाच्या मायचे असे हाल होऊ नाई म्हणून आली." पोरींनी टाळ्या वाजवल्या. मलाही भरून आलं. आता ते आठवलं की तोंड कुठं लपवू असं होतं.

मायची सेवा कोणी नीट केली नाही, हे माझ्या मनात पक्कं होतं. माझं माहेर कामरगाव. तिथं माझा धाकटा भाऊ विकास, त्याची बायको निकिता आणि माय. माय अंथरुणाला खिळली ती अकरा महिने. उजवा हात, उजवा पाय, अर्धं तोंड गेलेलं. सगळं निकिताच करायची, आणि मी महिन्या-दोन महिन्यांनी पिशवीत फळं घेऊन जाणारी लेक.

दर वेळी मला एकच देखावा दिसायचा. माय भिंतीला टेकवून ताठ बसवलेली, पाठीशी गुंडाळलेली गादी, आणि छातीवरून जुनं लुगडं घेऊन ते खिडकीच्या गजाला बांधलेलं. समोर निकिता वाटी घेऊन. वाटीत घट्ट लापशी. एक चमचा द्यायचा, थांबायचं, "आ करा" म्हणून तोंडात बघायचं, मग दुसरा. अर्ध्या वाटीला तासभर. पाणीसुद्धा नुसतं नाही, तांदळाच्या घट्ट पेजेत मिसळून, तेही चमच्यानं. माय डाव्या हातानं माठाकडे बोट दाखवायची आणि ही मान हलवून नाही म्हणायची. जेवण झाल्यावरही अर्धा तास तशीच बांधून ठेवायची.

"जनावर हाय का ते, बांधून ठेवाले?" मी एकदा म्हणाले.

"सोडलं का घसरतात, ताई," निकिता एवढंच बोलली. ती आधीच कमी बोलणारी, आणि मला कमी बोलणारी माणसं आतल्या गाठीची वाटतात.

दोन वर्षांपूर्वी माय गेली. तीन दिवस ताप, छातीत घरघर, आणि दवाखान्याची गाडी येईपर्यंत सगळं संपलं होतं. तेरवीला पंगत बसलेली, शंभर माणूस, त्यात निकिताची माय पंचफुलाबाईही, आणि निकिता वाढायला वाकली तेव्हा माझा बांध फुटला. "हिच्या हातचं काय जेवता? हिनं माह्या मायले बांधून ठेवलं. पानी पानी करत मारलं तिले!" निकिताच्या हातात बुंदीचं पातेलं होतं. तिनं ते खाली ठेवलं आणि आत गेली. त्यानंतर आम्ही दोघी बोललो नाही. विकास दिवाळीला आणि पितृपक्षात फोन करायचा, तेवढंच.

कोर्सच्या तिसऱ्या महिन्यात नीलिमा सिस्टरनी भरवायचं शिकवलं. जानरावचा पलंग हँडल फिरवून उभा केला, त्याच्या पाठीशी उशा लावल्या, मान जरा पुढं घेतली.

"लकव्याच्या पेशंटचा घसा कमजोर झालेला असतो," त्या म्हणाल्या. "त्याला बसवूनच भरवायचं. घसरत असेल तर आधार द्या, चादरीनं बांधा, पण बसवा. पाणी, ताक, चहा असलं पातळ द्यायचं नाही, घट्ट करून द्यायचं. चमचाभर द्या, गिळलं का बघा, मग दुसरा. झाल्यावर अर्धा तास आडवं करायचं नाही. ठसका लागला तर तिथंच थांबायचं. घास श्वासनळीत गेलेला असतो. दोन-तीन दिवसांत ताप येतो, छाती भरते, आणि म्हातारं माणूस त्यातून उठत नाही."

पोरी वहीत लिहीत होत्या. माझा पेन थांबला. सिस्टर निकिताच्या घरात जाऊन बघून आल्या होत्या की काय?

"सिस्टर," मी विचारलं, "मांडीवर डोकं घेऊन पाजलं त?"

"ते तर सगळ्यांत वाईट. मान मागं पडते, घसा उघडा राहतो. लोक मायेनं करतात ते, काकू. कोणी सांगितलेलंच नसतं."

मी पाणी प्यायला म्हणून बाहेर गेले आणि नळाशी उभी राहिले. माय गेली शनिवारी. ताप आला गुरुवारी. आणि त्याआधीच्या मंगळवारी मी कामरगावात होते.

त्या दिवशी मी निकिताला म्हटलं होतं, "तू जाय वावरात. आज माय माही." ती उंबऱ्यापर्यंत गेली आणि वळून म्हणाली, "झोपवून नका देऊ ताई, त्याइले ठसका लागते." मी म्हटलं, "मले शिकवू नको, मी त्याच मायच्या पोटची हाय." मग मी लुगडं सोडलं. मायचं डोकं मांडीवर घेतलं. जऊळक्याहून शेवयांची खीर नेली होती, मायच्या आवडीची, ती पाजली. मग माठातलं पाणी, तांब्याभर. अकरा महिन्यांत पहिल्यांदा ती पोटभर पाणी प्याली. मधे मधे ठसका लागायचा, चेहरा लाल व्हायचा, आणि मी तिच्या टाळूवर थापट्या मारत हसत होते. "कोन आठवन काढून राह्यलं वं माय? मामा काढत असन!" ठसका लागला की कोणी आठवण काढतंय, हे तिनंच मला लहानपणी शिकवलेलं. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि मला वाटलं, सुखाचं आहे.

त्या रात्री मी झोपले तेव्हा मनात म्हटलं होतं, आज मायला खरं जेवण मिळालं.

त्यानंतरचे दोन आठवडे मी कोर्सला गेले, पण जानरावच्या अंघोळीवरचे माझे विनोद बंद झाले. पोरी विचारायच्या, काकू, नवऱ्यासंग भांडण झालं का? मी हो म्हणायचे. स्वतःशी मी वकिली करत होते: म्हातारी होती, जाणारच होती, ताप कशानंही येतो. सगळं खरं असेल. पण वार जुळत होते, आणि ते मला कितीही फिरवून पाहिले तरी जुळतच होते.

मग प्रॅक्टिकलसाठी आम्हाला दवाखान्यात पाठवलं. माझ्या वाट्याला आली हिरीबाई, तांड्यावरची म्हातारी, दंडापर्यंत गोंदलेले हात, उजवी बाजू गेलेली. मी तिला बसवलं, चादरीनं आधार दिला, घट्ट पेज चमच्यानं द्यायला लागले. हिरीबाईनं खिडकीतल्या पाण्याच्या बाटलीकडे बोट दाखवलं. मी मान हलवून नाही म्हटलं.

तिची लेक रीता पायथ्याशी उभी होती. "पानी मांगून राह्यली न ते!" ती ओरडली. "देत काहून नाई? अन् बांधलं कायले तिले? तुमाले माय नाई का?"

तिच्या डोळ्यांत जे होतं ते मला ओळखीचं होतं. ते माझेच डोळे होते. मी तिला समजावून सांगितलं, सिस्टरनीही सांगितलं, पण तिला पटलं नव्हतं. तासभर मी भरवत होते आणि तासभर ती माझ्याकडे तशीच बघत होती. निकितानं हे अकरा महिने सोसलं, रोज, आणि तिच्या बाजूनं बोलायला कोणी सिस्टर नव्हती. तिला कोणी शिकवलंही नव्हतं. मायकडे बघून बघून तिनं ते स्वतः शोधून काढलं होतं.

"हात चांगला आहे काकू तुमचा. घरी कोणाचं बघून शिकलात?" नीलिमा सिस्टरनी निघताना विचारलं. मला रडू आलं, त्यांना वाटलं कौतुकानं.

पितृपक्षात मायचं पित्तर होतं. विकासनं रिवाज म्हणून फोन केला, आणि या वेळी मी येते म्हटलं. नवऱ्याला घेऊन वाशीमहून कारंजा, कारंजाहून जीपनं कामरगाव. निकिता स्वयंपाकघरात वड्यांचं पीठ फेटत होती. मला बघून तिनं पदर सारखा केला आणि पाट सरकवला.

मी बसलेही नाही. सगळं सांगून टाकलं, खीर, तांब्या, मांडी, वार. म्हटलं, "निकिता, चूक माही होती. मले माफ कर."

ती पीठ फेटतच होती. "मले मालूम होतं," ती म्हणाली. "वावरातून आली तवाच मालूम झालं. आवाज ओला लागे त्याइचा, घशात पानी अडकल्यावानी."

"मंग तेरवीले बोलली काहून नाई?"

"कोन आयकलं असतं? सासूले बांधून ठेवनारी सून मी." मग तिनं पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. "तुमी बोल चारचौघात लावला ताई. माफी चुलीपाशी मांगता?"

ती चिडून बोलली नाही. हिशोबाचंच बोलली. बाहेर पंगत बसत होती, तीच भावकी, तीच तोंडं. माझा नवराही तिथं होता. मला तिथूनच जीप पकडून परत जावंसं वाटलं, हे कबूल करते.

मी कढीचं पातेलं उचललं आणि बाहेर गेले. पंगतीच्या मधोमध उभी राहिले. "मले काही सांगाचं हाय," मी म्हणाले. "तेरवीले मी निकितावर बोल लावला, तो खोटा होता. ते मायले बसवून, घट्ट करून भरवत होती, तेच बरोबर होतं. मी आता ते शिकून राह्यली, म्हणून मले समजलं. मी मायले झोपवून पानी पाजलं. ते छातीत गेलं. माय माह्या हातानं गेली."

विकासचा घास हातात राहिला. त्याचं तोंड असं झालं की मी खाली बघितलं. मग भावकीतले सगळ्यांत मोठे रामधनकाका खाकरले. "जाऊ दे आता बाई. तिचे दिवस भरले होते. कढी आन इकडं." एकानं पोळी मागितली, दुसऱ्यानं मीठ, आणि पंगत पुन्हा सुरू झाली. माझं खोटं दोन वर्षं चार गावांत हिंडलं होतं. खरं मात्र कढी वाढून होईपर्यंतच टिकलं. तरी मी बोलले होते. छातीवरचा दगड थोडा हलला होता, आणि मला वाटलं, आता पुढचंही करता येईल.

मी आत आले. निकिता कढईशी बसली होती. तिनं ऐकलं होतं, डोळे लाल होते.

"उद्या मी तुह्या माहेरी जातो," मी म्हटलं. "तुह्या मायच्या पायावर डोकं ठेवतो. पंचफुलाबाईले माह्या तोंडानं सांगतो."

"माय गेली," निकिता म्हणाली. "होळीले."

"मले कोनी कळवलं नाई!"

"कोन कळवन?" तिनं कढईत वडा सोडला. "तेरवीले माय पंगतीत होती. तुमी बोलल्या अन् ते अर्ध्या पानावरून उठून गेली. त्या दिवसापासून तिनं मले कधी इचारलंच नाई, खरं काय अन् खोटं काय. म्या सांगाले गेली का दुसरं काही काढे. शेवटी शेवटी अंथरून धरलं तिनं. मी पंधरा दिवस जाऊन राह्यली, म्हटलं मले येते, मी करतो तिचं. म्या वाटी नेली का तोंड फिरवे. माह्या भावजयच्या हातानं खाये. माह्या हातचं पानीबी घेतलं नाई तिनं."

मी भिंतीला टेकून खाली बसले.

"आज तुमी साऱ्याइले सांगतलं, ते बरं केलं," निकिता म्हणाली. "पन तिले आता कोन सांगन, ताई?"