सलग दिसला की बटण

बस आगाराच्या दवाखान्यातलं ते यंत्र दिसायला काहीच नव्हतं. पत्र्याची एक पेटी, तिला लांब नळी आणि नळीच्या तळाशी वाटाण्याएवढा दिवा. नळीला डोळा लावला की दिवा लुकलुकताना दिसायचा. आधी सावकाश, मग भरभर, आणि शेवटी इतका झपाट्याने की तो लुकलुकतोय हेच डोळ्याला कळेना. दिवा सलग दिसला की ड्रायव्हरने बटण दाबायचं. झोप झालेला माणूस सेकंदाला चाळीस वेळा लुकलुकणारा दिवाही ओळखतो, थकलेल्याला तो तिसाच्या आसपासच सलग दिसायला लागतो. बटण दाबलं त्या क्षणीचा आकडा पस्तिसाच्या खाली आला, तर त्या दिवशी गाडी हातात द्यायची नाही.

हे यंत्र आणवलं होतं दवाखान्यातल्या तपासनिसानेच. एका ड्रायव्हरचा डोळा लागून गाडी पुलाच्या कठड्यावर गेली, त्यात तिघं दगावले. तेव्हापासून दोन वर्षं त्याने वरच्या ऑफिसात जोडे झिजवले होते. दमलेल्या माणसाला दिवसभर विश्रांती मिळावी, एवढंच त्याच्या मनात होतं. पहिले काही महिने तसं झालंही.

मग नवे व्यवस्थापक आले आणि त्यांनी हुकूम काढला. महिन्यात तीनदा आकडा खाली आला, की ड्रायव्हरकी कायमची बंद, गाड्या धुण्याच्या कामावर बदली.

ड्रायव्हर काही दुधखुळे नव्हते. दिवा सलग दिसला तरी मनात पाच मोजायचे आणि मग बटण दाबायचं, ही युक्ती चार दिवसांत आगारभर झाली. आकडे एकदम सुधारले.

तपासनिसाचा मेहुणा, बायकोचा धाकटा भाऊ, याच आगारात बावीस वर्षं गाडी चालवत होता. गाडीला कधी ओरखडा नाही. माणसं कमी म्हणून महिनाभर त्याच्याकडून दुहेरी पाळ्या करून घेत होते. एका सकाळी तो नळीसमोर बसला आणि हळूच म्हणाला, "भाऊजी, सगळे पाच मोजतात. मीही मोजू का?"

"तू खरं दाब," तपासनीस म्हणाला. "खरं दाबणाऱ्याचं यात काही वाकडं होणार नाही."

मेहुण्याने खरं दाबलं. चौतीस. पुढच्या आठवड्यात तेहेतीस. तिसऱ्यांदा बत्तीस आला, तेव्हा तपासनिसाचं पेन वहीवर जरा वेळ अडखळलं. छत्तीस लिहिलं असतं तर कुणाच्या बापाला कळलं नसतं. त्याने बत्तीस लिहिलं.

दुसऱ्या दिवशी मेहुण्याच्या हातात पाण्याचा पाइप आला.

घरी बायको भांडली नाही. जेवायला वाढता वाढता एवढंच म्हणाली, "त्याने तुमचं ऐकलं." त्यानंतर ती नवऱ्याशी कामापुरतंच बोलायला लागली.

तपासनिसाच्या जिवाला चैन पडेना. आठवडाभर त्याने आणखी एक तपासणी केली. रोजचा आकडा घेऊन झाला की प्रत्येक ड्रायव्हरला तो मुळीच न लुकलुकणारा दिवा दाखवायचा. खरं सांगणाऱ्याने बटण लगेच दाबायला हवं. अठ्ठेचाळीसपैकी एकतीस जण त्या शांत दिव्याकडे गंभीरपणे बघत बसले आणि बऱ्याच वेळाने बटण दाबून उठले. हे सगळं एका कागदावर उतरवून तपासनीस व्यवस्थापकांसमोर उभा राहिला.

त्यांनी कागद दोनदा वाचला. "एकतीस जणांना घरी बसवलं तर उद्या सकाळी गाड्या कोण काढणार? तुम्ही?" त्यांचा आवाज चढला नव्हता. "आणि मेहुण्यासाठी हा खटाटोप केलात असं लोक म्हणतील. ते बरं दिसेल का?"

कागद ड्रॉवरमध्ये गेला.

तपासनीस तिथून थेट गाड्या धुतात तिकडे गेला. मेहुणा गुडघ्यापर्यंत भिजलेला, चाकांवर पाणी मारत होता. तपासनिसाने त्याला सगळं सांगितलं. किती जण खोटं बोलले ते सांगितलं, आणि तू एकटा नसलास तरी मोजक्या खऱ्या माणसांतला आहेस, याचा आता पुरावा आहे, हेही सांगितलं. बोलताना त्याला वाटत होतं, निदान एवढ्याने तरी त्याला बरं वाटेल.

मेहुण्याने नळ बंद केला.

"बावीस वर्षं ओळखता मला," तो म्हणाला. "मी खरा आहे हे कळायला तुम्हाला पुरावा लागला?"

त्याने नळ सोडला आणि पुढच्या गाडीकडे वळला. पाण्याच्या आवाजात तपासनीस आणखी काही बोलला, पण ते त्याचं त्यालाच ऐकू आलं नाही.

महिनाअखेर आगाराची सरासरी एक्केचाळीसवर गेली आणि वरून शाबासकीचं पत्र आलं. त्यात तपासनिसाचाही उल्लेख होता. पत्र फळ्यावर लावलं त्या सकाळी एक ड्रायव्हर तारवटलेल्या डोळ्यांनी आला. नळीसमोर बसल्या बसल्या त्याची मान दोनदा खाली गेली. मग सावरून त्याने बटण दाबलं. त्रेचाळीस.

बाहेर त्याची गाडी माणसांनी भरून उभी होती. तपासनिसाने वहीत त्रेचाळीस लिहिलं आणि खाली सही केली.