शटर लावू नका

मी एक व्हॅन बोलतेय. पेट्रोलवर चालणारी, जुनी, कधीकाळी पांढरी. मध्येच घरघर लागते, तेवढी सांभाळून घ्या. आणि जरा लवकर ऐका. माझ्याकडे किती वेळ आहे, मला ठाऊक नाही. माझं सोडा, या खोलीतल्या दोन माणसांकडे किती आहे, तेही ठाऊक नाही.

कारखान्यातून निघाले तेव्हा माझा आवाज खणखणीत होता. मला एका फुलवालीनं विकत घेतलं. सगळे तिला ताई म्हणत. रस्त्याकडेच्या टोपलीपासून सुरुवात करून तिनं हॉटेलं, कचेऱ्या, सभागृहं अशी गिऱ्हाइकं जोडली होती. माझ्या मागच्या भागात तिनं फळ्या ठोकून घेतल्या आणि थंड हवेचं यंत्र बसवलं.

"माणसाला घाम आला तरी चालेल, फुलाला येता कामा नये," असं ती म्हणायची.

पण हे यंत्र माझं इंजिन चालू असलं तरच चाले. त्यामुळे एक पद्धत पडून गेली. फुलं भरताना मी गाळ्यात उभी, इंजिन चालू आणि शटर खाली. शटर का, तर बाहेरचं ऊन आणि धूळ आत यायला नको. मागच्या भिंतीत उंचावर एक झरोका होता, त्यातून माझा धूर निघून जायचा. त्या झरोक्याचे उपकार कुणाला कळले नाहीत. मलासुद्धा नाहीत.

ताईचा माझ्यावर जीव होता. चढ लागला की स्टिअरिंगवर थाप मारून म्हणायची, "चल गं माझी बाय, एवढा काढ." मी काढायचे. मी तिला कधी रस्त्यात दगा दिला नाही आणि याचा मला माज होता. शेजारच्या गाड्या बंद पडल्या की मी मनातल्या मनात हसायचे.

वय झालं तसा माझा सायलेन्सर सडला. मिस्त्री खाली वाकून म्हणाला, "ताई, पाइपाची चाळण झालीय. बदलून टाका."

"पुढच्या खेपेला बघू. पळतेय ना अजून?"

पळत होते. तेच वाईट झालं.

त्या उन्हाळ्यात झरोक्यातून कबुतरं आत यायला लागली आणि फुलांवर घाण करायला लागली. ताई शिडीवर चढली आणि झरोक्याला जाड पुठ्ठा ठोकून खाली आली. "आता या म्हणावं!" हात झटकत ती म्हणाली. मी तिच्याकडे बघत राहिले. मला दिवे आहेत, हॉर्न आहे, पण ते माणसाचं बोट लागल्याशिवाय बोलत नाहीत.

आधी कळलं ते कार्नेशनना. ही फुलं धुराला फार हळवी. धूर बाधला की मिटतात आणि पुन्हा उघडत नाहीत. हॉटेलच्या मॅनेजरनं फोन केला, "ताई, फुलं पाठवलीत की झोपलेली पोरं?" ताईनं बाजारातल्या व्यापाऱ्याला शिव्या घातल्या आणि व्यापारी बदलला. नवी फुलंही मिटली.

मग तिचं डोकं दुखायला लागलं. गाळ्यात दुखायचं, रस्त्यावर वारं लागलं की थांबायचं. "ऊन बाधतंय," ती म्हणायची. मला कळत होतं काय बाधतंय. ते माझ्यातूनच निघत होतं.

तिची मुलगी नुकतीच कॉलेज संपवून धंद्यात आली होती. घाईची पोर. तिला सगळं आजच बदलायचं असायचं.

"आई, बॅटरीची व्हॅन घेऊ. उभ्या जागी गार राहते. धूर नाही, धडधड नाही."

"आणि चार्जिंग संपलं की ढकलणार कोण? तू?"

"आपली रोजची फेरी आहे केवढी गं? गाळ्यातच चार्जिंगला लावून ठेवायची. सकाळी तयार."

"शहाणे, तिला आवाजच नाही. चालू आहे का मेली, कळायचं कसं? हिचा आवाज येतो तोवर मला धीर असतो. आवाज थांबला की समजायचं, काहीतरी बिनसलं."

"मग बस या खोकल्या म्हातारीला कवटाळून! यापुढे मी हिच्यात थेंबभर पेट्रोल घालणार नाही."

"नको घालूस. मी काही लुळी पडले नाही."

खोकली म्हातारी म्हणजे मी. राग आला नाही. उलट वाटलं, पोरी, आणखी भांड. हरू नकोस.

दुसऱ्या दिवशी सकाळची फेरी मुलीनं केली. परत आली तेव्हा माझा काटा पार खाली गेला होता. पंप वाटेतच लागला होता, पण तिनं मान फिरवली. गाळ्यात आल्यावर आईला काही सांगितलंही नाही. अबोला होता ना.

दुपारी एका सभागृहाची मोठी ऑर्डर भरायची होती. मुलगी वरच्या माळ्यावर उघड्या खिडकीशी फिती कापत बसली होती. ताईनं शटर ओढलं, मला चालू केलं आणि बादल्या उचलायला लागली. थोड्या वेळानं तिच्या हातून एक बादली निसटली. पाणी सांडलं, तिनं पुसलं नाही. सांडलेलं पाणी न पुसणारी ताई मी पहिल्यांदा पाहिली.

ती रिकामी बादली उपडी घालून बसली. माझ्या दाराला डोकं टेकवलं. "जरा डोळा लागतोय गं," ती मला म्हणाली.

इतक्या वर्षांत तिनं मला हजारदा चल म्हटलं होतं. थांब म्हणायची वेळ होती आणि ती झोपत होती. माझा श्वास तिच्या छातीत जात होता. तिची बोटं पत्र्यावरून हळूहळू घसरत गेली.

आणि मी आचका दिला. एकदा, दोनदा. टाकी कोरडी झाली आणि मी बंद पडले. जन्मभर जो माज केला, तो एका क्षणात उतरला. असं सुख मला कधी झालं नव्हतं.

गाळ्यात शांतता पसरली. माळ्यावरून आवाज आला, "आई? गाडी का बंद केलीस?"

कात्री खाली ठेवल्याचा आवाज झाला.

"आई, बिनसलं का काही?"

मग जिन्यावर धाडधाड पावलं वाजली. शटर वर गेलं. मुलीनं आईला काखेत हात घालून रस्त्यावर ओढलं. आरडाओरड ऐकून शेजारचा शिंपी धावत आला. ताई वाचली. डॉक्टर म्हणाले, "गाडीचा धूर बाधलाय. आणखी थोडा वेळ गेला असता तर वाचल्या नसत्या."

घरी आल्यावर मुलगी रडायला लागली. "मी मुद्दाम पेट्रोल भरलं नव्हतं गं."

"म्हणून आवाज थांबला आणि म्हणून तू खाली आलीस," ताई म्हणाली. "आता नाक पूस. आण ती तुझी मुकी."

मुकी आली. काही दिवस आम्ही शेजारी उभ्या होतो. शटर खाली, ती गार, हवा स्वच्छ, कार्नेशन टक्क उघडी. ताई मात्र दर वेळी तिच्या दारावर तळवा ठेवून बघायची, चालू आहे ना.

मुलगी म्हणाली, "हिला मोडीत देऊ." मी मनापासून हो म्हटलं. पण जुन्या गाड्यांचा दलाल आला आणि हसला, "चालती गाडी मोडीत कोण देतं?" ताईला ते पटलं. मग मुलीनं माझ्या डॅशबोर्डवर जाड काळ्या शाईनं लिहिलं, 'पाइप बदला. शटर लावून इंजिन चालू ठेवू नका.' ताईनंही बजावलं, "पुढच्याला नक्की सांगा हं."

"काळजीच सोडा, ताई."

मला घेऊन गेल्यावर दलालानं थिनरनं ती अक्षरं पुसली. सायलेन्सरला चंदेरी रंग फासला. ताईच्या गाळ्यातून धूर गेला, जगातून नाही गेला. फक्त त्याचा पत्ता बदलला.

आता मी एका केकवाल्याकडे आहे. नवराबायको, दोघंच. चांगली माणसं आहेत, सतत एकमेकांची थट्टा करतात. आज पहिलाच दिवस. तो क्रीमचे केक माझ्यात रचतोय आणि ती टेबलाशी शेवटच्या केकवर गुलाब काढतेय. भिंती बघितल्या मी. झरोका नाही.

"बघ, काय गार करते! आणि आवाज ऐक, वाघ आहे वाघ," तो म्हणाला.

"वाघाला नंतर ओवाळ. शटर लाव आधी, धूळ बसतेय क्रीमवर. आणि पेट्रोल आहे ना? मागच्या गाडीसारखं नको."

"काठोकाठ भरलीय टाकी."

शटर खाली आलंय. तिनं नुकतंच कपाळ चोळलं.

तुम्ही बाहेरून जात असाल, तर माझी धडधड ऐकून सगळं ठीक आहे असं समजू नका. हा आवाज आज थांबणार नाही. शटर ठोका. जोरात ठोका.